फोंड्याचं बिनबोर्डाचं गॅरेज आणि काकांची डुलणारी बुलेट

गॅरेजचं नाव विचारू नका, नावच नाहीये. बोर्ड नाही, मॅपवर पिन नाही, फोन आहे पण मेस्त्री तो उचलत नाही. फोंड्याच्या बाहेर माडांच्या बागेला लागून एक पत्र्याची शेड आहे, बाहेर दोन येझदी आणि एक लॅम्ब्रेटा गंजत पडलेली दिसली की समजायचं पोचलो. धाकट्या काकांची बुलेट मी इथे जूनमध्ये दिली आणि परत मिळाली शिगम्याच्या आसपास, म्हणजे नऊ महिने, एवढ्यात घरात बाळ येतं असं आई म्हणाली आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही. तरी रिव्ह्यू चांगलाच लिहितोय. जरा लांबेल.

गाडी बुलेट ३५०, १९८४ ची. ३४६ सीसी, ७० मिमीचा बोअर (सिलिंडरची रुंदी), ९० मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), चार गिअर आणि ते उजव्या पायाला, पहिला वर बाकी तीन खाली, ब्रेक डाव्या पायाला, त्यामुळे घरातलं दुसरं कोणी चालवायला मागतच नाही. नंबरप्लेट अजून जीडी सिरीजची, गोवा-दमण-दीव एकत्र होते तेव्हाची. लोक बघून व्हिंटेज व्हिंटेज करतात पण २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणायला पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं व्हावी लागतात, आमची अजून तिथे पोचायची आहे, तोपर्यंत नुसतीच म्हातारी. आणि ते बरंच आहे, कारण व्हिंटेज म्हणून नोंदवली की रोजची फिरवता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच. मला ती बाजारात बांगडे आणायला न्यायची असते.

तर प्रॉब्लेम असा होता की ४५-५० च्या वर गेली की गाडी डुलायची. हँडलवरचा हात जरा सैल केला की डावीकडे ओढायची, आणि खड्डा लागला की मागचा भाग वेगळा आणि पुढचा भाग वेगळा असल्यासारखं वाटायचं, बाणस्तारीच्या पुलावर बाजूने बस गेली की माझा जीव मुठीत. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, अरे बुलेट अशीच चालते, हत्ती कधी सरळ चालतो काय. त्यांनी तीस वर्षं तशीच चालवली, आता गुडघे गेल्यामुळे माझ्याकडे आली. आणि हे फक्त काका नाही, ज्याला विचाराल तो हेच सांगतो, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.

त्याआधी मी एका रिस्टोरेशनवाल्याकडे गेलो होतो, कुठला ते जाऊदे. एसी ऑफिस, भिंतीवर टीव्ही, त्यावर आधी-नंतरचे फोटो. कोटेशन १,८०,०००. लाल कुठला पाहिजे, टाकीवरची सोनेरी रेघ हाताने मारायची की स्टिकर, क्रोम किती, यावर अर्धा तास. मी म्हटलं गाडी डुलते त्याचं काय, तर म्हणाला नवीन टायर टाकले की जाईल. गाडी कोणी चालवून बघितली नाही, साधी स्टँडवरून खाली काढली नाही. मी चहा पिऊन निघालो.

हा मेस्त्री मात्र पहिल्या दिवशी चावी घ्यायलाच तयार नाही. म्हणाला तूच चालव, मी मागे बसतो. साठीचा माणूस, लुंगी वर खोचून मागे बसला, आणि फर्मागुडीपर्यंत जाऊन आलो तोपर्यंत एक शब्द नाही. मध्ये एकदा फक्त म्हणाला हात सोड, मी म्हटलं कसला हात, म्हणाला दोन्ही. नाही सोडले, सैल केले, गाडी गेली डावीकडे, त्याने मागून मांडी दाबून सांगितलं बस झालं. परत आल्यावर खाली उतरला आणि इंजिनकडे ढुंकून न बघता मागच्या सीटचे फूटरेस्ट बघत बसला. डावीकडचा खाली वाकलेला, रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं. मग सीट उचलून खालचा पत्रा बघितला, मागच्या अर्ध्या भागात बसका. मग शॉक अॅब्झॉर्बरच्या स्प्रिंगवर अंगठा फिरवला, त्या बुलेटच्या नव्हत्याच, कुठल्यातरी जड गाडीच्या जाड तारेच्या घातलेल्या. आणि म्हणाला, पायलटाची गाडी ही.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे आमच्याकडची मोटरसायकल टॅक्सी, पुढचं मडगार्ड पिवळं असतं ती. मी म्हटलं छे, काकांनी म्हापशात एका माणसाकडून घेतली, तेव्हापासून काळी आहे. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी मला बोलावून घेतलं (स्वतः फोन केला, नऊ महिन्यांत एकदाच) आणि पुढचं मडगार्ड हातात दिलं. पॉलिश पेपर मारून मारून एका जागी रंगाचे थर उघडे केलेले, वर काळा, खाली मरून, परत काळा, त्याखाली मळकट पांढरा आणि सगळ्यात तळाशी नाण्याएवढा पिवळा डाग. तिथूनच काकांना व्हिडिओ कॉल करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, तरीच मेल्याने एवढी स्वस्त दिली.

यात गंमत सोडून महत्त्वाचं काय, तर त्यावरून त्याने अर्धं निदान पहिल्याच दिवशी केलं होतं. दिवसभर मागे माणूस, त्याची पिशवी, कधी नारळाचं पोतं, म्हणून कोणीतरी मागे कडक स्प्रिंगा घातल्या. मागे ओझं असताना त्या ठीक, पण एकटा माणूस बसला की दबतच नाहीत, मागचं चाक खड्ड्यावरून नुसतं उडतं, रस्ता सोडतं. आणि ते सगळे दणके वर्षानुवर्षं स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा हलता दांडा) बुशांनी, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या धातूच्या नळ्यांनी, खाल्ले. गाडी मधल्या स्टँडवर लावून त्याने मला मागचं चाक धरून आडवं हलवायला लावलं, खट खट आवाज आला, सैल दातासारखं हलत होतं. चाळीस वर्षं जुनी गाडी म्हणून सोडून द्यायची गोष्ट ती नव्हतीच, एक बुश गेलेला होता. गनमेटलचे नवीन बुश लेथवर करून आणले, प्रेसने बसवले, आतून रीमर मारून शाफ्टच्या मापाचे केले. स्प्रिंगा फेकल्या आणि साधे स्टँडर्ड शॉक टाकले. मला ते सोनेरी डबीचे गॅसवाले पाहिजे होते, तो म्हणाला पाहिजे तर घाल पण माझ्याकडे परत येऊ नको.

मग स्टीअरिंग. हे तुम्ही घरी पण करून बघू शकता. पुढचं चाक अधांतरी ठेवायचं आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू इकडून तिकडे फिरवायचं. माझ्या गाडीत बरोब्बर मधोमध आलं की हलकासा खटका लागायचा, कपाटाचं दार जसं चुंबकाला चिकटतं तसं. हँडलच्या मानेत वर-खाली वाट्या असतात आणि त्यात सुटे छर्रे, गाडी बहुतेक वेळ सरळच चालते म्हणून खड्ड्यांचे दणके छर्रे एकाच जागी खातात आणि वाटीत खळगे पाडतात. मग हँडल त्या खळग्यात अडकतं. आणि दोन चाकांची गाडी सरळ जाते ती काय हँडल स्थिर ठेवून जात नाही, ते सारखं केसाएवढं इकडे तिकडे होत असतं, तेच अडलं की गाडी आधी उशिरा वळते मग जास्त वळते, झालं डुलणं. काढलेली वाटी त्याने माझ्या तळहातावर ठेवली आणि नख फिरवायला सांगितलं, एकेक खळगा मोजता येत होता.

इथे मी हुशारी केली. सुट्या छर्र्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंगचा (यात गोळ्यांच्या जागी निमुळते रूळ असतात) किट ऑनलाइन मागवला, १,९०० रुपये. मेस्त्रीने तोंड वाकडं केलं पण बसवला. आणि बसवला तो जास्त टाइट. गाडी घेऊन निघालो तर हळू स्पीडला नवशिक्याच्या सायकलसारखी, ट्रॅफिकमध्ये तर लाज वाटायची, लोकांना वाटलं असेल ह्याने सकाळीच लावली. दोनशे किलोमीटर तशीच चालवली, म्हटलं बसेल आपोआप, नाही बसलं, परत गेलो. त्याने वरचा नट थोडासा सैल केला, चाक हवेत ठेवून हँडलला एक टिचकी मारली, हँडल आपणहून एका बाजूला पडलं, म्हणाला असं पडलं पाहिजे. चूक त्याची होती, पण मान्य काही केली नाही, तुझ्या किटाला विचार म्हणाला. या एका गोष्टीचा अर्धा स्टार कापतोय. टेपर रोलर चांगलेच, छर्र्यांपेक्षा जास्त टिकतात, पण टाइट करताना हात पाहिजे.

मला सगळ्यात आवडलं ते दोरीचं काम. जादूचे प्रयोग बघतो तसा बघत बसलो होतो. मासे पकडायची नायलॉनची दोरी, गरीला लावतात ती. मागच्या टायरला मागून वेढा देऊन दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे आणली आणि पुढच्या चाकाच्याही पुढे दोन वीटकरांवर ताणून बांधली. बुलेटला पुढे मागे सारखेच टायर, ३.२५-१९, त्यामुळे हिशोब सोपा, दोरी मागच्या टायरला पुढे-मागे दोन ठिकाणी आणि पुढच्या टायरला दोन ठिकाणी चिकटली पाहिजे, दोन्ही बाजूंनी. आमच्यात डाव्या बाजूला पुढच्या टायरपासून बोट जाईल एवढी फट. आता गंमत बघा, चेन टाइट करायला मागे जे शंखासारखे अॅडजस्टर असतात खाचांचे, ते दोन्हीकडे सारख्याच खाचेवर होते, मी स्वतः दर वेळी मोजून लावायचो आणि वर मला त्याचा अभिमान. पण एका बाजूचा अॅडजस्टर कधीतरी बदललेला, दुसऱ्या मापाचा, म्हणजे खाचा सारख्या आणि चाक वाकडं. इतकी वर्षं आम्ही वाकडं चाक काळजीपूर्वक वाकडंच ठेवत होतो. शिवाय पुढची रिम कोणीतरी स्पोक भरताना हबच्या एका बाजूला ओढून ठेवलेली. रिमा तशाही खाऱ्या हवेने आतून पापुद्रे सुटलेल्या, म्हणून दोन्ही नवीन घेतल्या, ४०-४० स्पोक, आउट काढायचं, म्हणजे रिम फिरताना डुगडुगू नये असे स्पोक ताणायचं काम त्याने दोन दिवस घेऊन केलं, रेडिओ लावून, मध्ये कोणी बोललेलं चालत नाही.

अजून एक, हे मला अजिबात माहीत नव्हतं. या बुलेटच्या फ्रेमला इंजिनच्या खाली पाइपच नाहीये. पुढचा पाइप खाली येतो आणि इंजिनपाशी संपतो, तिथून मागे फ्रेम जोडलेली ठेवतं ते स्वतः इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांच्या प्लेटा. म्हणजे इंजिन नुसतं फ्रेममध्ये ठेवलेलं नाही, फ्रेमचाच एक तुकडा आहे. त्याचे स्टड (लांब बोल्ट) सैल असले तर गाडीचा कणाच सैल. आमच्या प्लेटांची भोकं अंडाकार झाली होती, भरून परत ड्रिल मारली आणि स्टड नवीन टाकले. पुढचा भाग वेगळा मागचा वेगळा असं जे मला वाटायचं ना, ते बऱ्यापैकी खरंच होतं.

बाकीचं पटकन. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे पाइप काचेवर लोळवून बघितले, सरळ निघाले, नशीब. सील बदलले आणि आत कोणीतरी ओतलेलं काळं इंजिन ऑइल काढून फोर्क ऑइल भरलं. पुढच्या ब्रेकचा ड्रम सहा इंची आहे, त्याला सात इंची मोठा बसवू का विचारलं, मी नको म्हटलं, मग ड्रम लेथवर फिरवून शूला खडू लावून जिथे जिथे घासतं तिथे घासत बसला, ब्रेक आता बुलेटच्या मानाने चांगला लागतो म्हणजे लागतो. इंजिनचं बोअर-पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड झालं, त्यावर लिहायला इतर लोक आहेत. वायरिंग नवीन. रंग काळाच, ठीक आहे, टाकीखाली एका जागी ओघळ आलाय, बसलेला माणूस बघत नाही पण उभ्याला दिसतो. पिवळं मडगार्ड परत करूया असा माझा विचार होता पण प्रायव्हेट गाडीला पिवळं लावून उगाच रस्त्यावर कोणीतरी हात दाखवायचा, म्हणून आतल्या बाजूला तो नाण्याएवढा डाग तसाच ठेवून वर क्लिअर मारून घेतला.

बिल वहीच्या पानावर, पेन्सिलने. इंजिन २२,०००, रिम-स्पोक ७,५००, टायर ४,६००, शॉक २,४००, बुश आणि लेथ १,५००, वायरिंग ४,०००, रंग ९,०००, मजुरी १७,०००. एकूण ६८,०००, माझा टेपर किट वेगळा. म्हणजे बघा, ज्याने गाडी सरळ चालायला लागली ते सामान सगळं मिळून अठरा हजारांच्या आत. मागे त्या एसीवाल्याकडे नुसत्या क्रोमची चर्चा याच्या वर गेली होती.

आता वाईट. वेळ. जूनमध्ये म्हणाला चवथीला गाडी दारात. चवथ गेली, दिवाळी म्हणाला. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जळून गेला, गाडीला चाकं नाहीत. मग मंगेशीची जत्रा. दर वेळी गेलो की एकच उत्तर, फाल्यां जातली, उद्या होईल म्हणून. पर्यटक याला सुशेगाद, म्हणजे निवांतपणा, म्हणून फोटो काढतात, ज्याची गाडी आत असते त्याला विचारा. आगाऊ पैसे मात्र मागत नाही आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट गोणीत भरून परत देतो, ही गोष्ट मी दुसरीकडे बघितलेली नाही. शेडमध्ये पावसाचं पाणी गळतं, माझ्या स्पीडोमीटरच्या काचेत वाफ धरली ती अजून आहे. आणि पावती पाहिजे, जीएसटी पाहिजे, अशा लोकांनी जाऊच नये.

गाडी मिळाल्यावर पहिल्या रविवारी चोर्ला घाटात नेली. सकाळी साखळीला पातळभाजी-पाव खाऊन केरी, अंजुणे धरण मागे टाकलं आणि चढण सुरू झाली. आधी या गाडीवर घाट म्हणजे प्रत्येक वळणाला गाडीशी भांडण, मी आत घालतोय ती बाहेर पळतेय, मध्येच खड्डा आला की देवाचं नाव. यावेळी तिसऱ्या गिअरमध्ये आत घातली आणि जिथे घातली तिथेच राहिली, वळण संपेपर्यंत मला काही करावंच लागलं नाही, उलट मी सवयीने जास्तीची दुरुस्ती करायचो आणि तीच चुकायची, पाचसहा वळणं गेली हात गप्प बसवायला. एका वळणावर तर सेंटर स्टँड रस्त्याला घासला, कर्रर्र, त्या आवाजाने घाबरलो पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला. सुर्ल्याच्या वर थांबून इंजिन गार होईपर्यंत बसलो. ६० ला आता गाडी गप्प असते. ७० च्या वर थरथर आहे, ती बुलेटची आहे, ती कुठला मेस्त्री काढणार नाही.

काकांना परवा मागे बसवून म्हार्दोळपर्यंत नेलं. गुडघा वाकत नाही म्हणून पाय बाजूला ताठ ठेवून बसले होते. देवळाच्या कमानीपाशी उतरले आणि म्हणाले, ही आमची गाडी नव्हे. मला वाटलं कौतुक, पण त्यांना खरंच चुकल्यासारखं वाटत होतं, म्हणाले डुलायची ती बरी होती, झोप लागायची नाही.

पाचपैकी चार. अर्धा त्या टाइट नटाचा आणि अर्धा नरकासुराचा कापला. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारी तो झोपतो आणि उठवलेलं आवडत नाही. गाडी चालवत न्या, टेम्पोत घालून नेली तर बघत पण नाही. आणि जाताना पंपावर हवा भरू नका, पंपावरचा पोरगा पुढे-मागे ३०-३० ठोकतो आणि मेस्त्री पहिलं काम म्हणून ती काढून टाकतो, पुढे २० आणि मागे २८, हे त्याने माझ्या टाकीवर ग्रीसच्या बोटाने लिहून दिलं होतं, नवीन रंगावर.